स्वतःशी बोलणारा सम्राट

युरोप खंडाच्या मध्यभागातून डॅन्यूब नावाची एक मोठी नदी वाहते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ही नदी म्हणजे बलाढ्य रोमन साम्राज्याची उत्तर सीमा होती. नदीच्या अलीकडे रोमन सैन्याच्या छावण्या पसरलेल्या होत्या, तर पलीकडे लढवय्या टोळ्यांची वस्ती होती. कार्नुंटम येथील अशाच एका छावणीत, प्रकृतीने नाजूक असा एक प्रौढ पुरुष युद्धाच्या धामधुमीतून सवड काढून लिहीत बसे. ते लेखन म्हणजे कोणाला धाडावयाचे पत्र नव्हते, की लोकांनी वाचावा म्हणून रचलेला ग्रंथही नव्हता. तो जे लिहीत होता ते स्वतःलाच उद्देशून होते. कधी संतापलेल्या, कधी खचलेल्या, कधी थकलेल्या आपल्या मनाची तो समजूत घालीत होता. हा पुरुष म्हणजे रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस होय.

त्याच्या एका आज्ञेसरशी हजारो सैनिक शस्त्रे उचलीत. पण आपले मन केवळ आज्ञेने ताब्यात येत नाही, हे या सम्राटाला पुरते ठाऊक होते. मनाशी बोलावे लागते, आणि तेही नेमक्या शब्दांत बोलावे लागते. ही विद्या त्याने कशी मिळविली व संकटांत तिचा उपयोग कसा केला, हीच त्याच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मार्कसचा जन्म २६ एप्रिल १२१ रोजी रोम शहरातील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. तो अगदी लहान असतानाच त्याचे वडील वारले. पुढे आजोबांनी त्याला वाढविले. त्याची आई डोमिशिया लुसिला ही श्रीमंत होती. तिच्या मालकीच्या विटांच्या भट्ट्या होत्या. परंतु तिची राहणी साधी असे, व तोच संस्कार तिने मुलावर केला. मार्कसच्या घराण्याचे नाव व्हेरस असे होते. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ खरा असा होतो. त्या वेळचा सम्राट हेड्रियन याला हा गंभीर वृत्तीचा व सत्यप्रिय मुलगा फार आवडे. म्हणून त्याच्या नावावर श्लेष करून हेड्रियन त्याला अत्यंत खरा अशा अर्थाच्या नावाने संबोधीत असे. हे लाडाचे नाव मार्कसने पुढे जन्मभर सार्थ केले.

मार्कसला लहानपणीच तत्त्वज्ञानाची ओढ लागली. बाराव्या वर्षी त्याने तत्त्वज्ञांप्रमाणे जाडाभरडा झगा पांघरण्यास प्रारंभ केला व तो जमिनीवर निजू लागला. अखेर आईने पुष्कळ विनवणी केली, तेव्हा कोठे कातडी अंथरलेल्या साध्या पलंगावर झोपण्याचे त्याने कबूल केले.

सन १३८ मध्ये हेड्रियनने अँटोनायनस या सज्जन सरदाराला आपला वारस नेमले. मात्र त्याने मार्कसला व ल्यूसियस नावाच्या दुसऱ्या एका मुलाला दत्तक घ्यावे, अशी अट घातली. अशा रीतीने सतराव्या वर्षी मार्कस भावी सम्राट ठरला व राजवाड्यात राहावयास गेला.

राजवाड्यातील एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मार्कसला लहानपणापासून सांभाळणारा एक शिक्षक मरण पावला. मार्कसला दुःख आवरेना व त्याचे अश्रू वाहू लागले. राजपुत्राने असे रडणे शोभत नाही, असे वाटून राजवाड्यातील सेवक त्याला आवरू लागले. तेव्हा अँटोनायनसने त्या सेवकांनाच थांबविले. तत्त्वज्ञान किंवा राजपद यांमुळे माणसाच्या अंतःकरणातील माया नाहीशी होत नसते; म्हणून या मुलाला माणसासारखे रडू द्यावे, असे त्याने त्यांना समजाविले. मनाला आवरणे म्हणजे मनाला दगड बनविणे नव्हे, हा धडा मार्कसला आपल्या दत्तक पित्याकडून मिळाला.

राजपुत्राच्या शिक्षणासाठी उत्तमोत्तम शिक्षक नेमण्यात आले. त्यांपैकी फ्राँटो हा लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक त्या काळी फार नावाजलेला होता. वक्त्याने नेमका शब्द शोधून काढावा, त्याची पारख करावी व तो योग्य स्थळी बसवावा, यावर त्याचा भर असे. तो मार्कसकडून उपमा व सुवचने तयार करून घेई. एकच विचार दोनतीन निरनिराळ्या रीतींनी मांडण्याचा सरावही तो करून घेत असे. या गुरुशिष्यांचा परस्परांवर अतिशय लोभ होता. त्यांची कित्येक पत्रे एकोणिसाव्या शतकात जुन्या हस्तलिखितांत सापडली. त्यांत अभ्यास, दुखणीखुपणी, द्राक्षांची तोडणी व घरातील मुलेबाळे यांच्या कितीतरी गोष्टी आलेल्या आहेत.

फ्राँटोने शिकविलेली विद्या दुसऱ्यांची मने हलविण्याची होती. सभेत भाषण करून लोकांना रडवावे, हसवावे किंवा पेटवावे, यासाठी रोममधील तरुण ही विद्या शिकत. परंतु मार्कसला हळूहळू वाटू लागले, की इतरांची मने वळविणाऱ्याला स्वतःचे मन वळविता येत नसेल, तर त्या विद्येचा उपयोग तो काय? याच सुमारास रस्टिकस नावाचा दुसरा एक गुरू त्याला भेटला. रस्टिकस स्पष्टवक्ता होता. अलंकारांचा सोस व पांडित्याचे प्रदर्शन त्याला खपत नसे. मार्कसला त्याच्या बोलण्याचा पुष्कळदा राग येई. पण रागाच्या भरात पुढे पश्चात्ताप होईल असे काही आपल्या हातून घडले नाही, याचे त्याला नेहमी समाधान वाटे.

या रस्टिकसने आपल्या संग्रहातील एक पुस्तक मार्कसच्या हाती ठेवले. त्यात एपिक्टेटस या तत्त्ववेत्त्याची प्रवचने होती. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम होता व एका पायाने अधू होता. पुढे गुलामगिरीतून मुक्त झाल्यावर तो तत्त्वज्ञान शिकवू लागला. त्याने स्वतः काहीही लिहिले नाही; त्याच्या एका शिष्याने टिपून घेतलेली प्रवचने तेवढी मागे उरली. बलाढ्य रोमन साम्राज्याच्या वारसाला जीवनाचा मार्ग दाखविला तो अशा रीतीने एका गुलामाने!

एपिक्टेटसच्या शिकवणुकीचे सार थोडक्यात असे आहे. एखादी घटना घडली, की लागलीच आपण मनातल्या मनात तिच्याविषयी काहीतरी बोलतो. घटना एक असते आणि आपले बोलणे दुसरे असते. माणसाला अस्वस्थ करते ती बहुधा घटना नव्हे, तर तिच्याविषयी आपण करून घेतलेला समज होय. घटना पुष्कळदा आपल्या हाती नसते. पण आपला समज तपासून पाहणे आपल्या हाती असते. या विचाराच्या तत्त्वज्ञांना स्टोइक असे म्हणत. मार्कस मनाने त्या पंथाचा झाला.

सन १६१ मध्ये अँटोनायनस मरण पावला आणि मार्कस सम्राट झाला. सिनेटने एकट्या मार्कसला पुढे केले असतानाही आपला दत्तक भाऊ ल्यूसियस याला त्याने बरोबरीचा सम्राट करून घेतले. परंतु राज्य हाती आले ते संकटांची रांग घेऊनच. टायबर नदीला महापूर येऊन रोममधील घरे वाहून गेली व दुष्काळ पडला. पूर्वेकडे पार्थियन लोकांशी युद्ध पेटले. ते युद्ध जिंकून सैन्य परतले, पण परतताना आपल्याबरोबर भयंकर साथीचा रोग घेऊन आले. साम्राज्यभर असंख्य माणसे दगावली. इतक्यात उत्तरेकडील मार्कोमनी, क्वाडी इत्यादी टोळ्या डॅन्यूब ओलांडून आत घुसल्या.

खजिना रिकामा झाला होता. अशा वेळी प्रजेवर नवे कर लादण्याऐवजी मार्कसने राजवाड्यातील सोन्याची भांडी, रत्ने व राणीची रेशमी वस्त्रे बाहेर काढली व रोमच्या एका मोठ्या चौकात त्यांचा लिलाव मांडला. लहानसहान गोष्टींतही त्याची माणुसकी दिसून येई. एकदा दोरीवर कसरत करणारा एक मुलगा खाली पडला. तेव्हापासून अशा खेळांच्या वेळी दोरीखाली गाद्या अंथरल्या पाहिजेत, असा दंडक मार्कसने घालून दिला.

सन १६९ हे साल त्याला फारच कठीण गेले. वर्षाच्या आरंभी ल्यूसियस अकस्मात मरण पावला. पुढे मार्कस युद्धावर निघण्याच्या तयारीत असताना त्याचा सुमारे सात वर्षांचा मुलगा आजारी पडला. मुलाच्या कानाखाली गाठ आली होती. वैद्यांनी ती कापली, परंतु मूल वाचले नाही. मार्कस व त्याची पत्नी फॉस्टिना यांना तेरा-चौदा अपत्ये झाली होती आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालपणीच गेली. हा घाव असाच एक होता. मार्कसने पाच दिवस शोक पाळला. ज्या वैद्यांच्या हातून शस्त्रक्रिया अयशस्वी झाली होती, त्यांच्यावर तो रागावला नाही. उलट त्यांचेच त्याने सांत्वन केले. नंतर तो राज्याच्या कामाला लागला व युद्धभूमीकडे निघून गेला.

पुढील काळातील बरीचशी वर्षे त्याने डॅन्यूबच्या परिसरात काढली. त्याला छातीचे व पोटाचे दुखणे होते, अन्न जात नसे, थंडी सोसत नसे. युद्धाची त्याला आवड नव्हती. याच वर्षांत त्याने ती टिपणे लिहिली. त्यांचे बारा भाग आज उपलब्ध आहेत. त्यांतील एक भाग क्वाडी लोकांच्या प्रदेशात लिहिल्याची व एक कार्नुंटम येथे लिहिल्याची नोंद त्यांत आढळते. मार्कस रोमन असला तरी हे लेखन त्याने तत्त्वज्ञानाच्या भाषेत, म्हणजे ग्रीक भाषेत केले. जुन्या हस्तलिखितांत त्याला स्वतःस उद्देशून अशा अर्थाचे नाव आहे.

या टिपणांत मार्कस स्वतःला तू म्हणून हाक मारतो. जणू एक मार्कस शिक्षक असून दुसरा त्याच्यासमोर बसलेला विद्यार्थी आहे. सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, तेव्हा शिक्षक मार्कस विद्यार्थी मार्कसला मुंग्या, मधमाश्या व पाखरे यांचे उदाहरण देतो. ती सारी आपापले काम मुकाट्याने करीत असता माणसाने माणसाचे काम टाळावे काय, असे तो त्याला विचारतो. दिवस उजाडताच तो मनाला बजावतो, की आज आगाऊ, कृतघ्न, उद्धट अशी माणसे भेटणारच. पण तीही आपलीच भावंडे आहेत. हातांनी किंवा पायांनी एकमेकांना साहाय्य करावे, तसे आपण त्यांच्याबरोबर वागावयाचे आहे. अशी पूर्वसूचना मिळाल्यामुळे मन दिवसभर सावध राही.

दुसरी एक युक्ती याहून अधिक खोल आहे. घडले असेल तेवढेच सांगावे, पदरचे काही जोडू नये, असा नियम त्याने स्वतःला घालून दिला. अमुक मनुष्याने आपली निंदा केली, अशी बातमी आली. बातमी तेवढीच आहे. त्या निंदेने आपला घात झाला, असे बातमीत कोठेच नाही. ते आपले मन जोडते. मूल आजारी आहे, हे डोळ्यांना दिसते. आता ते वाचणार नाही, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही; ते भीतीचे बोलणे असते. काकडी कडू लागली तर टाकून द्यावी, वाटेत काटे आले तर वळसा घालून जावे. जगात कडू काकड्या व काटे असावेतच कशाला, अशी तक्रार मात्र जोडू नये. इतक्या घरगुती उदाहरणांनी हा सम्राट आपल्या मनाला शिकवीत असे.

या ठिकाणी फ्राँटोची शिकवण एका नव्याच रीतीने कामास आली. मोठमोठ्या शब्दांनी वस्तू कशा फुगतात, हे मार्कस वक्तृत्वाच्या अभ्यासात शिकला होता. आता तो फुगलेल्या वस्तूंना साध्या शब्दांनी त्यांच्या खऱ्या आकारावर आणू लागला. सम्राटाचे जांभळे वस्त्र हे वैभवाचे मोठे लक्षण मानले जाई. मार्कस स्वतःला सांगे, की ही तर शिंपल्यातील प्राण्याच्या रसात बुडविलेली मेंढीची लोकर आहे. मेजवानीतील उंची मद्य म्हणजे द्राक्षांचा रस होय. असे म्हटले, की गर्व आपोआप ओसरे. गर्वाप्रमाणेच भय व क्रोध यांनाही त्याने याच उपायाने आटोक्यात आणण्याचा प्रयत्न केला. स्वतःला गोड खोटे सांगून मन काही वेळ रमते, पण सत्य समोर येताच ते अधिकच खचते. मार्कसने मनाला खरे तेच सांगितले. मात्र ते शांत व नेमक्या शब्दांत सांगितले.

तक्रारीचे शब्द उलटे फिरवून पाहणे, हाही त्याचा एक प्रघात होता. हे दुःख माझ्याच वाट्याला यावे हे माझे दुर्दैव, असे मन म्हणू लागले, की तो त्याला थांबवी. असे दुःख येऊनही आपण मोडलो नाही, हे आपले सुदैव आहे, असे म्हणण्यास तो मनाला शिकवी. समुद्रकाठच्या खडकावर लाटा अखंड आदळतात. खडक मात्र उभाच राहतो आणि त्याच्याभोवती पाणी शांत होते. हे चित्र तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवी. टिपणांचा पहिला भाग तर केवळ कृतज्ञतेचा आहे. आजोबा, आई, शिक्षक, अँटोनायनस यांपैकी कोणाकडून आपण काय शिकलो, हे त्याने एकेकाचे नाव घेऊन त्यात नोंदविले आहे. एकाकी छावणीत असा उपकारांचा हिशेब मांडणाऱ्याच्या मनाला केवढा आधार वाटला असेल!

हे सर्व एकदा लिहून भागले नाही. तेच विचार मार्कसने निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा लिहिलेले दिसतात. राग पुन्हा येई, उदासी पुन्हा येई, आणि तो पुन्हा स्वतःशी बोलू लागे. शरीराला रोज व्यायाम लागतो, तसाच मनालाही लागतो, हे त्याने ओळखले होते.

या व्यायामाची परीक्षा सन १७५ मध्ये झाली. मार्कस मरण पावला, अशी खोटी वार्ता पूर्वेकडे पसरली. तेथील सेनापती अव्हिडियस कॅशियस याने स्वतःलाच सम्राट म्हणून घोषित केले. हा त्याचा विश्वासातील माणूस होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा बंडखोराचा सूड भीषण असे. परंतु मार्कसने सैनिकांपुढे बोलताना त्याला क्षमा करण्याची इच्छा प्रकट केली. तीन महिन्यांतच कॅशियसला त्याच्याच माणसांनी ठार केले व त्याचे शिर मार्कसकडे पाठविले. मार्कसने ते पाहण्याचे नाकारले व त्याचे दफन करविले. ज्याने छावणीत बसून रागाशी इतकी वर्षे वाद घातला होता, त्याच्या हातून हे घडले यात नवल नाही.

मार्कस सर्वस्वी निर्दोष होता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या राज्यात गुलामगिरी कायम राहिली. सन १७७ मध्ये गॉल प्रांतातील लियाँ या शहरी ख्रिस्ती लोकांचा क्रूर छळ झाला, तोही त्याच्याच कारकिर्दीत. त्याच्यामागून सम्राट झालेला त्याचा मुलगा कॉमोडस हा दुर्वर्तनी निघाला. आपल्या शब्दांनी मार्कस स्वतःला सुधारू शकला; साऱ्या जगाला, किंबहुना आपल्या मुलालाही, तो सुधारू शकला नाही. पण म्हणून त्याने स्वतःवरील काम कधी सोडून दिले नाही.

१७ मार्च १८० रोजी डॅन्यूबच्या मोहिमेवर असतानाच मार्कस आजारी पडून मरण पावला. तो त्या वेळी ५८ वर्षांचा होता. ज्या प्रदेशासाठी त्याने इतकी युद्धे केली, त्याच्या सीमा पुढे कितीदा तरी बदलल्या. ज्या साम्राज्याचा भार त्याने वाहिला, ते साम्राज्यही लयास गेले. रोममधील त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा वाचला. पण तोही लोकांनी त्याला दुसराच एक सम्राट समजून जपला म्हणून!

त्याची टिपणे मात्र नकला करणाऱ्यांच्या हातांतून शतकानुशतके पुढे सरकत राहिली. सन १५५९ मध्ये झुरिक येथे ती प्रथम छापली गेली व पुढे जगातील अनेक भाषांत त्यांची भाषांतरे झाली. जगाने वाचावे म्हणून कित्येकांनी लिहिलेले ग्रंथ नष्ट झाले; आणि केवळ स्वतःसाठी लिहिलेली ही टिपणे टिकून राहिली. कारण भय, क्रोध व दुःख ही सम्राटाला जशी होतात, तशीच सामान्य माणसालाही होतात. अशा वेळी प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःशी काहीतरी बोलतच असतो. ते बोलणे खरे, नेमके आणि धीराचे असावे, एवढीच काळजी मार्कस ऑरेलियसने जन्मभर घेतली.